वरच्या मजल्यावरची रेंज

"आली! आली! आली गं बाई... गेली."

मी हातातला बत्ता फरशीवर दोनदा आपटला. एकदा आपटला की 'आली' आणि दोनदा आपटला की 'गेली', असं आमचं सकाळीच ठरलं होतं, कारण वरून ओरडून काही उपयोग नव्हता. खाली गिरणी चालू होती. दिवाळी तोंडावर आलेली, भाजणीचे डबे पार रस्त्यापर्यंत रांगेत लागलेले, आणि आमची गिरणी चालू असली की खाली कुणी कानात ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. बत्त्याचा दणका तेवढा स्लॅबमधून पोचायचा.

रणधीर जिना चढून वर आला. रणधीर म्हणजे माझा नवरा. गिरणीला लागून त्याचा फोटो स्टुडिओ होता आणि इंटरनेटची वायर खांबावरून त्या स्टुडिओत आलेली होती.

"किती वेळ हुती?" त्याने विचारलं.

"दोन काड्या दिसल्या. आनंद व्हायच्या आत गेल्या."

"खाली दिवा तर हिरवागार हाय."

"खालचा दिवा हिरवा असून मला काय उपयोग? मला इथे मुलं दिसायला हवीत, रणधीर! हलती, बोलती मुलं!"

त्या दिवशी दुपारी चार वाजता माझा डेमो तास होता. लग्नाआधी मी कराडला एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. लग्न करून पाटण खोऱ्यातल्या या गावात आले आणि हातातला खडू सुटला. गावातली शाळा सातवीपर्यंत, आणि कराडला रोज जाऊन येणं जमणारं नव्हतं. मग भांडी घासताना मी कढईला प्रकाशाचं परावर्तन समजावून सांगायला लागले. कढईने शंका कधीच विचारली नाही, हेच मला जास्त लागायचं. अशात पुण्याच्या एका संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांना घरबसल्या, कॉम्प्युटरवरून शिकवण्यासाठी शिक्षक हवेत असं कळवलं. मी अर्ज केला आणि डेमोपर्यंत पोचले. अट एकच होती. जिथून रोज शिकवणार तिथूनच डेमो द्यायचा. जागा शांत हवी आणि चित्र अडकायला नको. अडकलं तर पुन्हा संधी नाही, असं तिथल्या देवधर मॅडमनी फोनवर अगदी गोड आवाजात बजावलं होतं. मला ती नोकरी हवी होती. इतकी हवी होती, की आदल्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून खोटीखोटी हजेरी घेतली.

मोबाइलच्या नेटवर विसंबावं म्हटलं, तर आमच्याकडे रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात यायची, तीही डोंगराकडे पाठ करून उभं राहिलं तर. खाली शांतता नाही आणि वर रेंज नाही, असा सगळा मामला होता.

आणि वर रेंज नसण्याला कारण होते आमचे आण्णा.

आण्णा माझे सासरे. सदुसष्ट साली कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते शाळकरी पोर होते. पहाटे त्यांचं दगडमातीचं घर बसलं. माणसं कशीबशी बाहेर निघाली, पण पुढे कितीतरी दिवस सगळं कुटुंब अंगणात ताडपत्रीखाली झोपलं. तेव्हाच त्या पोराने ठरवलं होतं म्हणे, की आपण घर बांधू तर असं बांधू, की खालची जमीन हलेल पण घर हलणार नाही. मोठेपणी गिरणीच्या जिवावर त्यांनी ते बांधलंही. लोक स्लॅबला सळयांची एक जाळी घालतात, आण्णांनी दोन घातल्या. भिंतीतही लोखंड, आणि बाहेरून जाणाऱ्या जिन्यालाही लोखंडी दार. गावात आमच्या घराला 'मोकाशांचा किल्ला' म्हणत. नव्या सुनेला घर दाखवताना आण्णा पायाने फरशी ठोकून म्हणाले होते, "या स्लॅबला टाचणीएवढंसुदिक भोक न्हाई, सूनबाई. पाणी झिरपत न्हाई, आवाज झिरपत न्हाई."

रेंजही झिरपत नाही, हे तेव्हा त्यांना आणि मलाही ठाऊक नव्हतं. एवढ्या लोखंडातून त्या लहरी पार होणार कशा! भौतिकशास्त्राच्या बाईला भौतिकशास्त्रानेच असं कोंडून घातलं होतं.

*

पहिला उपाय रणधीरने केला तो सिग्नल वाढवणारा डबा. तो जिन्यात लावला. त्यानेच ती 'आली, आली, गेली' सुरू झाली. खाली गिरणीची मोटार चढली की डबा घाबरल्यासारखा बंद पडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

"सोड हा डबा," रणधीर म्हणाला. "सरळ वायरच टाकतो. भायेरनं, भिंतीवरनं, वरच्या खिडकीत. लग्नाच्या मांडवात एवढ्या वायरी ओढतो मी, ही काय मोठी गोष्ट हाय?"

खरोखरच मोठी गोष्ट नव्हती. वायरचं अख्खं भेंडोळं त्याच्याकडे होतं. शिडी लावून त्याने ती झकास ओढली. वरच्या खिडकीतून मी टोक आत घेतलं, लॅपटॉपला जोडलं, आणि काय सांगू! पडद्यावर सगळं लख्ख झालं. मी बत्ता एकदाच, पण असा आपटला की खालच्या बायका दचकल्या असतील. वेळ दुपारी बाराची. मी उड्या मारत खाली गेले, रणधीरला सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हटलं, "तू ग्रेट आहेस," आणि तो लाजला. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावला.

आम्ही दोघं जेवायला बसलो. मी फळ्यावर काय काढायचं ते जेवता जेवता हवेत काढत होते. विषय मिळाला होता लहरी.

तेवढ्यात गच्चीवर धप्पकन आवाज झाला. मग दुसरा. मग एकदम पाच-सहा.

"वानरं," रणधीर ताटावरून उठत म्हणाला.

आमच्या खोऱ्यात वानरांचं काही नवल नाही. शेंगा खातात, पापड पळवतात, आणि लोक पत्र्याचा डबा वाजवून त्यांना हाकलतात. पण भिंतीवरून ताणलेली काळी, चकचकीत वायर त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. आम्ही बाहेर धावलो तेव्हा एक दांडगा हुप्प्या तिला लोंबकळून झोके घेत होता. दुसऱ्याने दातांनी एक तुकडा तोडला होता आणि तो हुंगून बघत होता. एक पिल्लू उरलेलं भेंडोळं गळ्यात घालून आंब्यावर चढलं.

"ए! ए भावड्या! खाली टाक ते!" रणधीर ओरडला.

भावड्याने टाकलं नाही. तो शांतपणे सोलायला बसला.

मला रडू यायला हवं होतं, पण त्या पिल्लाकडे बघून मला इतकं हसू आलं, की पोट धरून मी जिन्यावर बसले. रणधीरही हसला. मग त्याने हातातला उरलेला तुकडा मोजून पाहिला आणि आमचं हसू मावळलं. धड असा दोन पुरुष लांबीचा तुकडा राहिला होता. बाहेरून वर न्यायला तो पुरणार नव्हता. गावात अशी वायर मिळत नव्हती आणि पाटणला जाऊन यायचं तर दिवाळीच्या बाजाराची गर्दी.

"एवढ्या वायरीत एकच वाट हाय," रणधीर हळूच म्हणाला.

"कुठली?"

त्याने बोटाने खालून वर दाखवलं. सरळ. स्लॅबमधून.

*

शेजारच्या फर्निचरवाल्याकडून तो ड्रिल मशीन घेऊन आला. ते सदऱ्याखाली लपवून आणायचं त्याला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. पोट काढून चालणारा रणधीर बघून आण्णांनी दुरूनच ओळखलं.

आण्णांनी गिरणीचा जोर कमी केला. थांबवली मात्र नाही. ती ते कधीच थांबवत नसत. एकदा धान्य पडलं की ते दळून होईपर्यंत गिरणी चालूच राहायची, मग दारात पाहुणे येवोत की वर जेवण गार होवो. लोकाचं धान्य गिरणीत पडलेलं असताना हात काढायचा नाही, हा त्यांचा नेम होता आणि या नेमावर गावाचा विश्वास होता.

"काय हाय त्ये?" त्यांनी विचारलं. पापण्यांवर पीठ, मिशीवर पीठ. रागावलेले असले तरी ते बर्फातून आल्यासारखे दिसायचे.

"ड्रिल," रणधीर म्हणाला.

"कशापायी?"

मीच पुढे झाले. "आण्णा, एक छोटंसं भोक. करंगळीएवढं. वायर वर गेली की लगेच सिमेंट भरू. चार वाजता माझा तास आहे."

"न्हाई."

"आण्णा, करंगळीएवढ्या भोकाने घर पडत नाही. मी शिकलेय ते."

"तू शिकलीस, मी बगितलंय," आण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही. "ह्या स्लॅबला भोक पडायचं न्हाई. मी जित्ता हाय तवर न्हाई. दुसरं कायबी माग, पोरी."

"दुसरं काही नकोच आहे मला!" मी म्हणाले. माझा आवाज मात्र चढला होता.

आण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं, गिरणीच्या मागच्या बाजूला जिथे बीमला एका खिळ्यावर पिठाने मळलेली लाल चिंधी बांधलेली होती. दृष्ट लागू नये म्हणून बांधली असेल, असं मी तोवर समजत आले होते. त्यांनी नजर खाली घेतली आणि गिरणीचा जोर वाढवला. बोलणं संपलं.

रणधीरने मला बाजूला घेतलं. "एक शेवटचं बघू. राउटरच गिरणीत आणतो. स्टुडिओतनं तेवढी वायर येती. चिंधीच्या खिळ्याला टांगतो, पार स्लॅबला चिकटवून. तू बरोबर त्याच्यावर बस. लोखंडाला कुठंतर फट असंलच की."

"फट नसते रे. तुझ्या वडलांनी ठेवली असेल होय?"

"मग नशिबाला असंल. जा वर."

खिळ्याच्या बरोबर वर आमच्या स्वयंपाकघराचा कोपरा येत होता. तिथे धान्याची एक जुनी पत्र्याची कोठी होती. लग्नानंतर मला तिथेच टेबल मांडायचं होतं, खिडकीतून उजेड छान यायचा म्हणून. पण आण्णा म्हणाले होते, "कोठी हलवायची न्हाई." कोठी तर रिकामी होती. मी कारण विचारलं नाही. नवी सून किती विचारणार? त्या दिवशी मी कोठीला खेटून जमिनीवर बसकण मारली, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि शेजारी बत्ता.

एक काडी आली. ठक! गेली. ठक ठक! दोन आल्या. ठक! गेल्या. ठक ठक! तीन वाजून गेले होते. पुन्हा आली. पुन्हा गेली. मग मी खुणेसाठी नाही, रागाने आपटायला लागले. कढईसमोर शिकवलेले सगळे धडे आठवून मी फरशीवर बत्ता घातला. स्लॅबवर राग, लोखंडावर राग, भूकंपावर राग! देवधर मॅडमना फोन करून 'जमत नाही' म्हणून सांगायचं, एवढंच आता राहिलं होतं.

जिन्याचं लोखंडी दार वाजलं.

दारात आण्णा होते. गिरणी चालू असताना आण्णा वर! मी बत्ता मागे लपवला. त्यांना धाप लागली होती आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती.

"थांबव त्ये," ते म्हणाले.

"चुकलं, आण्णा. पुन्हा नाही आपटणार."

त्यांनी मूठ उघडली. आत सिमेंटचा एक खपला होता. "खांद्यावर पडला," ते म्हणाले. मग कोठीकडे बघत राहिले. मला वाटलं, स्लॅबला तडा गेला!

"धर," आण्णा म्हणाले.

"काय धरू?"

"कोठी धर, पोरी! येळ कुठं हाय तुला? चार वाजता हाय न्हवं तुझं?"

मी धरली. दोघांनी मिळून ती खरडत बाजूला नेली. तिच्याखाली फरशीच्या कोपऱ्यात सिमेंटचं तळहाताएवढं ठिगळ होतं.

"हातोडी आन. आन छिन्नी."

त्यांनी गुडघे टेकले आणि पहिला घाव घातला. ज्या माणसाने करंगळीएवढं भोक नाकारलं तो माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचा स्लॅब फोडत होता! दोन-चार घावांत ठिगळ सुटलं. आण्णांनी आत बोट घातलं, फुंकर मारली, आणि पिठाचा धुरळा उडून त्यांच्याच तोंडावर आला. तिथे पाऊण इंची लोखंडी नळीचं तोंड होतं. आणि त्या तोंडात निळ्या नायलॉनच्या दोरीची गुंडाळी दाबून बसवलेली होती.

"आण्णा," मी म्हणाले, "भोक आहे!"

"हाय," आण्णा म्हणाले. "एकच हाय."

*

पुढचं सगळं धावपळीत झालं. आण्णा खाली गेले. रणधीर गिरणी सांभाळायला उभा राहिला; त्याला दळणातलं काही कळत नव्हतं, तो नुसता एकेका बाईला 'बारीक का जाड' ते विचारत होता. मी वर पालथी पडून नळीत डोळा घातला, तर खालून उजेडाचा ठिपका दिसला. मग तो झाकला गेला. आण्णा शिडीवर चढले होते.

दोरी माझ्या हातात होती. ती एकदम थरथरली. खालून आण्णांनी हलवली होती. एवढ्या जाड स्लॅबमधून, एवढ्या गोंगाटातून, ती हालचाल सरळ माझ्या तळहातात आली. मी दोरी हलवून उत्तर दिलं. पुन्हा खालून एक हिसका आला, म्हणजे 'आता ओढ' अशी खूण.

मी ओढली. आधी सहज आली, मग अडली. खालून कुणीतरी वायर ढकलली आणि ती सुटली. पिठाने माखलेली निळी दोरी हातावर हात टाकून मी वर घेत होते. शेवटी दोरीच्या टोकाला गाठ मारलेली काळी वायर बाहेर आली आणि मी "आली! आली!" म्हणून इतकी ओरडले की गिरणीतही ऐकू गेलं असेल.

वायरबरोबर आणखी काहीतरी आलं होतं. आण्णांनी तिच्या जोडीने एक नवी दोरी पाठवली होती, पिवळी.

रणधीर धावत वर आला, वायरच्या टोकाला चिमट्याने पिन बसवली, लॅपटॉपला जोडलं. दिवा लुकलुकला. दोघंही त्याच्याकडे देव बघावा तसे बघत होतो. पडदा लख्ख झाला!

"ही दोरी कसली रे?" मी पिवळी दोरी दाखवत विचारलं.

"आण्णा म्हणाले ऱ्हाऊ दे. खाली त्यांनी ती चिंधी बांधली तिला." रणधीरने निळी दोरी उचलली. "वृषाली, ही आईची दोरी हुती. मला आत्ता आठवलं. मी लहान हुतो. आईनं वरनं हाक मारली तर खाली ऐकू जायाची न्हाई, म्हणून आण्णांनी स्लॅब टाकतानाच नळी ठिवली. हितनं दोरी वढली की खाली आण्णांच्या म्होरं लाल चिंधी नाचायची. एकदा वढली की जेवायला या. दोनदा वढली की पाव्हणं आल्यात."

सासूबाई मी पाहिल्याच नव्हत्या. त्या माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी गेल्या. भिंतीवर त्यांचा एक फोटो होता, हसऱ्या तोंडाचा.

"आई गेली आन आण्णांनी दोन्ही तोंडं बुजवली," रणधीर म्हणाला. "मगाशी तुझ्या बत्त्यानं खालचंच बूच सुटून त्यांच्या खांद्यावर पडलं. दोरी मात्र काढली न्हाई. मला वाटलं, काढली आसंल. मी इसरूनच गेलो हुतो."

"आणि तीनदा ओढली की?"

"तीनदाचं मला म्हाईत न्हाई. मगाशी म्यापण इचारलं. म्हणाले, तीन न्हाई." त्याने घड्याळ पाहिलं. "अगं, तोंडाचं पीठ तरी पूस! दहा मिनिटं ऱ्हायलीत!"

*

चार वाजता पडद्यावर चार मुलं उगवली आणि एका कोपऱ्यात देवधर मॅडमचं नाव. मॅडमनी कॅमेरा बंद ठेवला होता. "नमस्कार," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ओळखीचा वाटला. कितीतरी दिवसांनी तो परत आला होता.

आखून ठेवलेलं सगळं मी विसरले. फळा विसरले, व्याख्या विसरले. नळीतून गिरणीची बारीक घरघर वर येत होती आणि नाशिकची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "मॅडम, मागे कसला आवाज आहे?"

झालं, संपलं, असं वाटलं. मग मीच तिला विचारलं, "खाली पिठाची गिरणी आहे. मध्ये एवढा जाड स्लॅब आहे. मग सांग बरं, तो आवाज वर आला कसा?"

"भोकातून," एक मुलगा म्हणाला.

"शाबास! आणि भोक नसतं तर? मी इथे बत्ता आपटला तर खाली कळेल का?"

"कळेल."

"का?"

मग काय, मी सुटलेच. बत्ता आपटून दाखवला. निळी दोरी दाराच्या कडीला बांधली, दुसरं टोक हातात धरलं आणि एक झटका दिला. लाट पळत कडीपर्यंत गेली आणि परत माझ्या हातात आली. दोरीतून पीठ झडत होतं, त्यामुळे लाट कुठून गेली ते हवेत दिसत राहिलं. मुलं ओरडली, "पुन्हा! पुन्हा!" मी पुन्हा केलं. "बघा, दोरी कुठे गेली का? नाही. दोरी जागेवरच आहे. मग गेलं काय?" त्यांच्यात जुंपली. चित्र एकदाही अडकलं नाही. मी घामाघूम झाले होते आणि मला इतका आनंद झाला होता, की नोकरीचं काय होणार हे क्षणभर डोक्यातून निघून गेलं.

मुलं गेल्यावर मॅडमनी कॅमेरा उघडला. चष्मेवाल्या, पांढऱ्या केसांच्या, आणि चक्क हसणाऱ्या.

"ती पिठाची लाट आधीच ठरवून आणली होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो मॅडम. ती घरातलीच दोरी आहे."

"बरं. दिवाळी झाली की लगेच सुरू करू शकाल?"

काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. पडदा काळा झाला आणि मी खोलीच्या मधोमध उभी होते. कुणाला तरी सांगायचं होतं, त्याच क्षणी! रणधीर खाली, आण्णा खाली, जिना बाहेरून, आणि गिरणीच्या आवाजात माझं कोण ऐकणार? समोर नळीतून पिवळी दोरी वर आलेली होती. मी ती धरली आणि ओढली. एकदा. मन भरलं नाही. दुसऱ्यांदा ओढली. आणि राहवेना म्हणून आणखी एकदा ओढली.

गिरणी थांबली.

आधी मला कळलंच नाही काय झालं. पायाखालची थरथर गेली आणि घर एकदम रिकामं वाटलं. भाजणीचा हंगाम, रस्त्यापर्यंत डबे, गिरणीत कुणाचंतरी धान्य, आणि गिरणी बंद! खाली बायकांचा गलका उठला. जिन्यावर घाईघाईने चढणारी पावलं वाजली. लोखंडी दार उघडून आण्णा आत आले.

"आण्णा, मिळाली!" मी ओरडले. "मला नोकरी मिळाली!"

ते ऐकत होते की नाही, मला कळेना. ते कोपऱ्यातल्या दोरीकडे बघत होते.

"तीनदा वढलीस," ते म्हणाले.

"हो. आनंद झाला म्हणून ओढली. चुकलं का काही?"

त्यांनी मान हलवली. भिंतीला टेकून ते हळूहळू खाली बसले, फरशीवर, कोठी होती त्या जागी. खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसायला गेले आणि पीठ आणखीच पसरलं.

"तीनदा वढली की काम काय नसायचं," ते म्हणाले. "जेवान न्हाई, पाव्हणं न्हाई. नुसतं, वर या. बसा म्हणून. तिला कधीतर वाटायचं तसं. मी चिंधी बघायचो आन म्हणायचो, एवढं दळान उरकू दे. मग दुसरं यायचं. मग तिसरं. एकदाबी आलो न्हाई, पोरी. संध्याकाळी वर आलो की ती काय बोलायची न्हाई. फुडच्या खेपंला पुन्हा वढायची."

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले.

खालून कुणीतरी ओरडलं, "आण्णा! आवं, गिरणी का बंद पडली? भाजणी हाय आमची!"

आण्णांनी नळीकडे तोंड केलं. एरवी न ऐकू जाणारा त्यांचा आवाज आता सहज खाली पोचला. "बंद पडली न्हाई," ते म्हणाले. "मी केलीया. थांबा जरा."

मग ते माझ्याकडे वळले. निळी दोरी अजून दाराच्या कडीला बांधलेलीच होती. तिचं मोकळं टोक त्यांनी उचलून हातात घेतलं.

"बोल," आण्णा म्हणाले. "काय शिकवलंस पोरांस्नी? मला दाव."